दाढीचा साबण आणि परगावचे पाणी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, रंगभूमी आणि तंजावरचा इतिहास असे भारदस्त विषय येऊन गेल्यावर दाढीच्या साबणावर बोलावयास उभे राहणे हे थोडे धारिष्ट्याचेच आहे. तथापि हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या बैठकीत एक तक्रार आम्ही कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. “पुण्याला असताना वडीवर ब्रश फिरविला की वाटीभर फेस यावयाचा, येथे वडी तीच, ब्रश तोच, पण फेसाचा पत्ता नाही.” मग कोणी साबण बदलतो, कोणी ब्रश बदलतो, कोणी डब्यातला आयता फेस आणतो, तर कोणी कंटाळून दाढीच राखतो. तरुणपणी हा गमतीचा विषय असतो. सत्तरीनंतर हात थरथरू लागतो, कातडी कागदासारखी पातळ होते, कोणास मधुमेह असतो, कोणी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत असतो. अशा वेळी अपुऱ्या फेसावरून फिरलेले पाते जी जखम करते ती चटकन भरत नाही. म्हणून या तक्रारीचा एकदा नीट विचार व्हावा असे आम्हांस वाटले.

भगिनींनी हा विषय आपला नव्हे असे समजू नये. जे पाणी साबणाचा फेस होऊ देत नाही तेच तुरीची डाळ शिजू देत नाही आणि धुतलेले केस राठ करते. स्वयंपाकघर, मोरी आणि दाढीचा आरसा यांचे दुखणे एकच आहे.

प्रथम साबणाच्या पूर्वीचा काळ पाहू. आपल्या गावचा न्हावी धोकटी घेऊन ओसरीवर बसे तेव्हा त्याच्यापाशी साबण असेच असे नाही. वाटीभर पाणी आणि बोटे एवढ्यावर तो दाढी भिजवी, चांगली चोळचोळून भिजवी, आणि मग वस्तरा लावी. त्यात मोठे शास्त्र होते. दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. दोनतीन मिनिटे पाणी मुरले की तो फुगतो, मऊ होतो आणि पात्याला त्यास कापण्यास पुष्कळ कमी जोर लागतो. दाढी मऊ करणारा मुख्य पदार्थ पाणी हाच आहे. साबणाची कामे तीन: केसावरील तेलकटपणा काढून पाण्यास वाट करून देणे, ते पाणी चेहऱ्यावर धरून ठेवणे, आणि पाते कातडीवरून घसरत जाईल असा थर देणे. सेना महाराजांनी आपल्या धंद्याच्या साधनांतून परमार्थ सांगितला. त्या साधनांचा मान आपल्या परंपरेत असा जुना आहे. येथल्या तमिळ बोलीत दाढीला ‘सवरम्’ म्हणतात. तो आपल्या ‘क्षौर’ शब्दाचाच भाऊ आहे. येथे या व्यावसायिकांच्या समाजाला ‘मरुत्तुवर’, म्हणजे वैद्य, असेही नाव आहे. वस्तरा धरणारा हात एके काळी जखम बांधणाराही होता, हे त्या नावावरून कळते.

घरच्या घरी दाढी करण्याची रीत रुजली ती विसाव्या शतकात. जिलेट यांची सुरक्षित पात्याची दाढी अमेरिकेत १९०३ साली विक्रीस आली, आणि पुढे हळूहळू ओसरीवरचे क्षौर मोरीतल्या आरशापुढे आले. त्याबरोबर साबणाची वडी, कांडी आणि ब्रश हे घरच्या सामानात जमा झाले.

आता साबण म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. त्यावाचून तुलना करता येणार नाही. तेल किंवा चरबी आणि अल्कली यांच्या संयोगाने साबण बनतो. दाढीच्या साबणात दोन स्निग्धाम्लांना महत्त्व असते. एक स्टिअरिक आम्ल. ते चरबीतून अथवा पामतेलातून मिळते. त्याचा फेस सावकाश येतो, पण येतो तो दाट, बारीक कणांचा, सायीसारखा, आणि बराच वेळ टिकतो. दुसरे खोबरेल तेलातील लॉरिक आम्ल. त्याचा फेस भराभर येतो, बुडबुडे मोठे असतात आणि लवकर बसतात. प्रमाण अधिक झाले तर कातडी कोरडी पडते. उत्तम दाढीचा साबण या दोहोंच्या मेळातून होतो. अल्कलीतही भेद आहे. सोड्याने घट्ट वडी होते. पोटॅशने मऊ, पाण्यात चटकन विरघळणारा साबण होतो. अंगाच्या साबणात बहुधा सोडाच असतो, म्हणून तो दाढीस घेतला तर फेस येतो पण टिकत नाही. दाढीच्या वडीत दोन्ही असतात, क्रीममध्ये मुख्यत्वे पोटॅश. यांत ग्लिसरीन पडले म्हणजे फेस ओलसर राहतो.

या कसोटीवर काही परिचित साबण पाहू. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात विल्यम्स यांनी १८४० साली दाढीचा साबण काढला. कपात ठेवावयाच्या गोल वडीची चाल जगभर पसरली ती अशाच साबणांनी. कपातल्या वडीत ओला ब्रश फिरवावयाचा आणि फेस तेथेच किंवा गालावर चढवावयाचा. दुसरा प्रकार कांडीचा. ओल्या गालावर कांडी उलट्या दिशेने घासावयाची आणि त्यावर ब्रश फिरवावयाचा. प्रवासास ही सोयीची. तुर्कस्तानची ‘आर्को’ ही कांडी अशांपैकी. लिंबासारखा तीव्र वास आणि दाट फेस हे तिचे विशेष. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड हे लोकरीचे गाव; तेथील ‘मिचेल्स वूल फॅट’ या साबणात मेंढीच्या लोकरीतून निघणारे लॅनोलिन घालतात. थंड हवेत फुटणाऱ्या कातडीला त्याचा स्निग्धपणा सुखाचा वाटतो. इटलीत फ्लॉरेन्स येथील मार्टेल्ली घराण्याच्या ‘प्रोरासो’मध्ये पुदिन्यातील मेंथॉल आणि निलगिरीचे तेल असते. उन्हाळ्यात गालास गारवा देणारा हा साबण मद्रासच्या मे महिन्यात आम्हांस विशेष आवडला. शिवाय ज्या झाडास आपण मराठीत ‘निलगिरी’ म्हणतो त्याला ते नाव मिळाले याच तमिळ मुलखातील डोंगरावरून. इटलीहून आलेल्या डबीत उटकमंडचा वास यावा ही गंमतच.

स्वदेशी साबणांची कथा निराळी आणि आपल्या जिव्हाळ्याची आहे. कुलुपे घडविणारे अर्देशिर गोदरेज १९१८ साली साबणाच्या धंद्यात उतरले. प्राण्यांची चरबी न वापरता केवळ वनस्पतिजन्य तेलांचा साबण करावयाचा हा त्यांचा निश्चय होता. त्या काळी उत्तम साबण चरबीवाचून होत नाही असाच समज होता. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यांच्या साबणाची शिफारस केली. याच अर्देशिरांनी टिळक स्वराज्य फंडास ३ लाख रुपयांची देणगी दिली होती. पुढे त्या कारखान्याची दाढीची गोल वडी आपल्यातील अनेकांच्या वडिलांच्या कपात दिसू लागली. दक्षिणेतही स्वस्थता नव्हती. मद्रास इलाख्याच्या सरकारने १९१४ साली कालिकत येथे साबण संस्था काढली. मलबारचे खोबरेल हाताशी असताना साबण परदेशातून का आणावा, हा विचार त्यामागे होता. म्हैसूर संस्थानाने चंदनाचे तेल गाळण्याचा उद्योग उभारला आणि १९१८ च्या सुमारास बंगलोरच्या सरकारी कारखान्यातून चंदनी साबण बाहेर पडला. तो अंगाचा साबण, म्हणून आजच्या तुलनेत बसत नाही. परंतु दक्षिणेत आलेल्या मराठी माणसाच्या पहिल्या पत्राबरोबर गावी जाणारी भेट पुष्कळदा तीच असे.

चरबीचा प्रश्न आपल्या घरांत आजही विचारला जातो. १९८३ साली वनस्पती तुपात गाईच्या चरबीची भेसळ झाल्याचे प्रकरण देशभर गाजले, तेव्हापासून अनेक घरांत साबणाचे वेष्टन वाचावयाची सवय लागली. ती चांगली सवय आहे. ‘टॅलोएट’ असा शब्द आढळला तर तो चरबीचा साबण. ‘पामेट’ किंवा ‘कोकोएट’ असेल तर पामतेलाचा अथवा खोबरेलाचा. नुसते ‘स्टिअरेट’ लिहिलेले असेल तर ते कोणत्याही मूळाचे असू शकते. आर्कोची कांडी आणि मिचेल्स यांत परंपरेने चरबी वापरली जात असे. ज्यांना वर्ज्य असेल त्यांनी हे ध्यानी ठेवावे. फेसाच्या गुणापुरते बोलावयाचे तर चरबीचा साबण सरस हा जुना समज आता धरून ठेवण्याचे कारण नाही. पामतेलातील स्टिअरिक आम्ल चरबीतील आम्लाहून रसायनदृष्ट्या वेगळे नसते.

येथवरची तुलना साबणाची. एवढ्यावरून कोणता साबण चांगला हे ठरावयास हवे होते. पण या शहरात ते ठरत नाही, आणि आमच्या भाषणाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

शाळेत आपण दोन शब्द शिकलो होतो: सुफेन पाणी आणि दुष्फेन पाणी. ज्यात साबणाचा फेस सहज होतो ते सुफेन, ज्यात होत नाही ते दुष्फेन. बोलीत आपण त्यास जड पाणी म्हणतो. पुण्यास खडकवासल्याचे, मुंबईस तानसा-वैतरणेचे पाणी येते. सह्याद्रीवर पडलेला पाऊस काळ्या कातळावरून वाहत जाऊन तलावात साठतो. वाटेत त्यात क्षार फारसे मिसळत नाहीत. चेन्नईस बारमाही नदी नाही. पूंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरमबाक्कम या तलावांवर, २००४ पासून वीराणम तलावाच्या पाण्यावर, आणि जमिनीखालून उपसलेल्या पाण्यावर हे शहर मुख्यतः जगते. जमिनीखालचे पाणी वर्षानुवर्षे खडकात आणि वाळूत मुरलेले. त्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, आणि किनाऱ्याजवळ समुद्राचा खारटपणाही उतरलेला असतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालते.

या क्षारांशी साबणाची गाठ पडली की त्याचा न विरघळणारा चोथा बनतो. बादलीच्या काठावर जमणारे करड्या रंगाचे कडे ते हेच. एक ग्रॅम चुन्याचा क्षार सुमारे सहा ग्रॅम साबण फुकट घालवितो. लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीणता असेल तर एका लिटरमागे पावणेदोन ग्रॅमहून अधिक साबण फेस होण्यापूर्वीच संपतो. दाढीस पाणी थोडे लागते, म्हणून वजनाने तोटा थोडा. पण चोथ्याचे ते बारीक कण फेसाचे बुडबुडे फोडीत राहतात, आणि फेस चढता चढता बसतो.

याची प्रचीती घ्यावी म्हणून आम्ही घरी चार पेले मांडले. एकात बोअरचे पाणी, दुसऱ्यात नळाला येणारे ‘मेट्रो वॉटर’, तिसऱ्यात वीस लिटरच्या कॅनमधले पिण्याचे पाणी, चौथ्यात गच्चीवर धरलेले पावसाचे पाणी. येथला मोठा पाऊस आश्विन-कार्तिकात येतो, म्हणून हा प्रयोग दिवाळीच्या दिवसांत झाला. ब्रश एकच, साबण तीन प्रकारचे: स्टिअरिकने भरलेली घट्ट वडी, खोबरेल अधिक असलेली वडी आणि ट्यूबमधली क्रीम. पावसाच्या पाण्यात घट्ट वडीने असा फेस दिला की पुण्याची तक्रार करणाऱ्यांनी तो पाहावयास हवा होता. कॅनच्या पाण्यात जवळजवळ तसाच. नळाच्या पाण्यात मध्यम. बोअरच्या पाण्यात तीच वडी हरली. ब्रशवर पांढरे पाणी तेवढे राहिले. खोबरेलाच्या वडीने बोअरच्या पाण्यातही फेस धरला, पण तो विरळ होता आणि पंख्याच्या वाऱ्यात गालावरच वाळू लागला. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात वापरावयाचा खलाशांचा साबण खोबरेलाचा करीत, त्याचे कारण हेच. बोअरच्या पाण्यात सर्वांत बरी ठरली ती क्रीम. तिच्या वेष्टनावर ‘ईडीटीए’ ही अक्षरे होती; चुन्याचे कण धरून ठेवून साबणास मोकळे सोडणारा तो पदार्थ आहे. आजीबाईंची शिकेकाई आणि रिठा यांना तर या भांडणाची फिकीरच नाही; त्यांचा फेस साबणाचा नव्हे, म्हणून जड पाण्यातही तो होतो.

पावसाच्या पाण्यात पहिली आलेली वडी बोअरच्या पाण्यात शेवटची आली. तेव्हा ‘सर्वांत चांगला साबण कोणता’ या प्रश्नाला पाण्याचे नाव घेतल्यावाचून उत्तर नाही. बीच स्टेशनजवळ ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांनी वसविलेला बर्मा बाजार एके काळी परदेशी मालासाठी प्रसिद्ध होता. तेथून महागडा साबण आणून निराश झालेली मंडळी आपल्यात आहेत. साबण अस्सल होता. त्याला मिळालेले पाणी ब्रॅडफर्डचे नव्हते.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. घरात बोअरचे पाणी येत असेल तर फेसापुरते अर्धा पेला पिण्याचे पाणी घ्यावे. ब्रशही त्यातच भिजवावा. पाणी उकळून, निवू देऊन, वरचे नितळ घेतले तरी कठीणतेचा एक भाग खाली बसतो. जुन्या बंबाच्या तळाशी जमणारा पांढरा थर हा तोच. तुरटीने गढूळ पाणी निवळते, कठीणता जात नाही. तुरटी जखमेवर लावण्यास ठेवावी. वडीवर ब्रश नेहमीपेक्षा अधिक वेळ, अर्धे मिनिट तरी, फिरवावा आणि पाणी थेंबाथेंबाने वाढवावे. फेस चढविताना पंखा बंद करावा. दाढी झाल्यावर वडी उघडी वाळू द्यावी आणि ब्रश झटकून टांगावा. या दमट हवेत बंद डबीतली वडी बुळबुळीत होते आणि ब्रशला कुबट वास येतो. रोज अर्धा ते एक ग्रॅम साबण लागतो असे धरले तर ६० ग्रॅमची वडी दोन ते चार महिने पुरते. डब्यातल्या फेसाच्या मानाने खर्च थोडा आणि मागे कचराही थोडा. ज्यांचे हात थरथरतात त्यांनी क्रीम घ्यावी, कारण तिचा फेस कमी श्रमात होतो. सलूनमध्ये जाणाऱ्यांनी प्रत्येक वेळी नवे पाते लावण्याचा आग्रह धरावा. कावीळ आणि एचआयव्ही यांचा धोका त्याने टळतो, आणि चांगला कारागीर अशा आग्रहाने रागावत नाही.

आणि नळ बंद ठेवावा. २०१९ च्या उन्हाळ्यात येथले चारही तलाव जवळजवळ आटले होते आणि जुलैमध्ये जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. मिंजूर येथे २०१० साली आणि नेम्मेली येथे २०१३ साली समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने सुरू झाले. तरीही या शहरात पाणी उधळण्याजोगे झालेले नाही. गच्चीवरचा पाऊस जमिनीत मुरविण्याची सक्ती येथे २००३ साली झाली. तेव्हा ज्या वाड्यांत आणि सोसायट्यांत आपली कुटुंबे राहतात तेथील विहिरीचे पाणी हलके करावयाचे असेल तर साबण बदलण्यापेक्षा पाऊस मुरविण्याच्या खड्ड्यातील गाळ दर वर्षी काढणे अधिक उपयोगाचे. मुरलेला पाऊस खालच्या जड पाण्यात मिसळतो आणि त्यास सौम्य करतो.

शेवटी आपल्या मुलांसाठी एक विनंती. ब्रश आणि वडीने दाढी करणे ही पुस्तकात वाचून येणारी विद्या नव्हे. ती वडिलांच्या शेजारी आरशात पाहून येते. आज पुष्कळ तरुण डब्यातला फेस घेऊन घाईने मोकळे होतात, त्यांस आम्ही दोष देत नाही. पण घरातील वृद्धांची दाढी करून देण्याची वेळ कधी ना कधी प्रत्येक घरात येते. आजारी माणसाच्या गालाला कोमट पाण्याचा रुमाल लावून, दाट फेस चढवून, कातडी हलकेच ताणून पाते फिरविणे ज्यास येते तो मुलगा औषधाइतकेच सुख देतो. त्या दिवशी फेस चांगला यावा, म्हणून तरी आपल्या घरचे पाणी ओळखून ठेवावे.

आपल्याकडे कोणी गाव सोडून गेला की ‘तिकडचे पाणी मानवले का?’ असे विचारतात. व्यंकोजीराजांच्या मागोमाग १६७० च्या दशकात तंजावरास आलेल्या मराठी कुटुंबांस कावेरीचे पाणी मानवले. त्यांच्या मराठीत तमिळ शब्द मुरले आणि तरीही ती मराठी राहिली. आपले मंडळ पन्नास वर्षे येथे नांदले. सामान आपण गावाहून आणले, भाजणी आणि गोडा मसाला अजूनही आणतो, आणावाही. पाणी मात्र पहिल्या दिवसापासून येथलेच प्यालो. त्याची जात ओळखून वागले तर आपला साबणही येथे उत्तम फेस देतो, हे आम्ही चार पेल्यांत पाहिले आहे.